पीतज्वराची वाट शोधणारे डॉक्टर कार्लोस फिन्ले

मनुष्यास रोगाचें भय वाटतें तें दुहेरी असतें. एक भय मरणाचें. आणि दुसरें, त्याहूनहि मन पोखरणारें भय, हें कीं तो रोग कोणत्या वाटेनें आपल्या घरांत शिरेल तें कळत नाहीं. चोर दारानें येतो हें ठाऊक असेल तर मनुष्य दाराला कडी घालून स्वस्थ निजूं शकतो. पण दार, खिडकी, कौलें यांपैकीं कोठून तो येणार हेंच ठाऊक नसलें, म्हणजे सारी रात्र जागूनहि घर सुरक्षित राहत नाहीं. अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवर राहणाऱ्या लोकांनीं पीतज्वराच्या भयांत सुमारें अडीच शतकें अशीं जागून काढलीं. ज्या वैद्यानें त्या चोराची वाट प्रथम ओळखली, आणि ओळखल्यानंतरहि जग ऐकून घेईना म्हणून एकोणीस वर्षें धीर धरून आपलें काम चालविलें, त्या डॉक्टर कार्लोस फिन्ले यांचें चरित्र आम्ही यंदाच्या अंकांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम त्या रोगाची ओळख करून घेणें अवश्य आहे. पीतज्वर हा रक्तस्रावी ज्वरांच्या कुळांतील रोग होय. आरंभीं एकाएकीं थंडी वाजून ताप भरतो, डोकें व कंबर ठणकूं लागते; तीनचार दिवसांनीं ताप उतरतो व रोगी बरा झाला असें घरच्यांस वाटतें. पुष्कळ रोगी येथूनच खरोखर बरे होतात. परंतु कांहींच्या बाबतींत थोड्याशा विसाव्यानंतर ताप उलटतो, डोळे व त्वचा पिवळीं पडतात, हिरड्यांतून व नाकांतून रक्त येतें, आणि पोटांत झिरपलेलें रक्त काळ्या ओकारीच्या रूपानें बाहेर पडतें. स्पॅनिश लोक या रोगास काळी ओकारी असेंच म्हणत. ज्यांचा ताप असा उलटतो त्यांपैकीं जवळजवळ निम्मे रोगी दगावतात. १७९३ सालीं फिलाडेल्फिया शहरांत या रोगानें सुमारें पांच हजार माणसें, म्हणजे वस्तीचा अदमासें दहावा भाग, नेली. १८७८ सालीं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत सुमारें वीस हजार लोक मृत्युमुखीं पडले.

या रोगाची चाल मोठी चमत्कारिक होती. रोग्याच्या उशाशीं बसून शुश्रूषा करणारी बहीण निरोगी राही, आणि रोग्याचें तोंडहि न पाहिलेला चार घरें पलीकडचा मनुष्य अंथरूण धरी. गांवांत पहिला रोगी आढळल्यावर दोनतीन आठवडे कांहींच घडूं नये, आणि मग एकदम सांथ भडकावी, असें वारंवार होई. थंडीचें पहिलें हिंव पडलें कीं सांथ आपोआप थांबे. कोणी म्हणत, रोग स्पर्शानें व रोग्याच्या कपड्यांनीं पसरतो. कोणी म्हणत, दलदलीची व घाणीची दूषित हवा त्यास कारण आहे. पहिल्या पक्षाचे लोक अंथरुणें जाळीत व जहाजें बंदराबाहेर आठवडेच्या आठवडे थोपवून धरीत. दुसऱ्या पक्षाचे लोक हवा शुद्ध व्हावी म्हणून रस्त्यांत डांबर जाळीत व तोफा उडवीत. रोग दोघांसहि दाद देत नसे.

कार्लोस हुआन फिन्ले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजीं क्यूबा बेटांतील पुएर्तो प्रिन्सिपे या गांवीं झाला. या गांवास आतां कामाग्वे म्हणतात. वडील एडवर्ड फिन्ले हे स्कॉटलंडचे डॉक्टर. आई फ्रेंच कुळांतील. वडिलांचा कॉफीचा मळाहि होता, व त्या मळ्यांतल्या मोकळ्या रानांत कार्लोसचें बाळपण गेलें. आरंभींचें शिक्षण घरींच आत्याबाईंच्या हाताखालीं झालें. वयाच्या अकराव्या वर्षीं त्यास फ्रान्समध्यें शिकण्यास पाठविण्यांत आलें. परंतु तेथें त्यास मज्जातंतूंचा असा एक विकार जडला कीं, त्यामुळें हातपाय आपोआप हलत व बोलणें अडखळूं लागलें. प्रकृति सुधारली, पण जिभेचा तो अडखळेपणा जन्मभर राहिला. दुसऱ्या खेपेस युरोपांत गेले असतां विषमज्वरानें गांठलें, व शिक्षण अर्धवट टाकून परत यावें लागलें. हॅवानाच्या विश्वविद्यालयानें त्यांचें परदेशांतील शिक्षण मान्य केलें नाहीं. अखेरीस फिलाडेल्फिया येथील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयांतून ते १८५५ सालीं डॉक्टर झाले. तेथील एक अध्यापक जॉन मिचेल यांचें मत असें होतें कीं, कांहीं तापांचें मूळ डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म सजीव वस्तूंत असावें. त्या काळीं हें मत धरणारे फार थोडे होते. तरुण फिन्ले यांच्या मनांत तें बीज पडलें, आणि पुढें पंचवीस वर्षांनीं त्यास अंकुर फुटला.

हॅवानांत येऊन फिन्ले यांनीं दवाखाना घातला. सर्वसाधारण रोगांबरोबर डोळ्यांचे रोगहि ते तपाशीत. १८६५ सालीं त्रिनिदादच्या अडेला शाइन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १८६७-६८ सालीं शहरांत पटकीची सांथ आली, तेव्हां फिन्ले यांनीं सेरो नांवाच्या उपनगरांत कोणत्या घरीं रोगी आहेत व तीं घरें कोठलें पाणी पितात याची टिपणें ठेविलीं. शहरास पाणी पुरविणाऱ्या उघड्या पाटाशीं त्यांनीं रोगाचा संबंध जोडला. त्यांचा हा निबंध लगेच प्रसिद्ध झाला नाहीं. त्यास १८७३ साल उजाडावें लागलें. तरी या कामीं त्यांस एक गोष्ट चांगली कळली, ती ही कीं, सांथीच्या प्रसंगीं पहिला प्रश्न औषधाचा नसून वाटेचा असतो.

पीतज्वराच्या बाबतींत मात्र ते स्वतःच प्रथम आडवाटेस लागले. हॅवानाच्या हवेंत अल्कलीचा अंश अधिक आहे व त्यामुळें हा ज्वर उद्भवतो, अशी त्यांची समजूत झाली, आणि हवेची परीक्षा करण्यांत त्यांनीं कित्येक वर्षें घालविलीं. १८७९ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें एक मंडळ या रोगाच्या शोधार्थ हॅवानास आलें. आदल्या वर्षीं मिसिसिपीच्या खोऱ्यांत जो संहार झाला होता त्याचा हा परिणाम. सरकारनें या मंडळास साह्य करण्यास फिन्ले यांची नेमणूक केली. या मंडळाच्या सहवासांत, रोगानें मेलेल्यांच्या शरीराचे सूक्ष्मदर्शक यंत्रांतून घेतलेले नमुने त्यांनीं पाहिले, आणि रोगाचा घाला रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडतो हें त्यांच्या ध्यानांत आलें. वर्षानुवर्षें बाळगलेलें आपलें जुनें मत त्यांनीं त्यानंतर निःशंकपणें टाकून दिलें. सेहेचाळीस वर्षांच्या प्रतिष्ठित मनुष्यास असें करणें सोपें नसतें, हें आमच्या वयोवृद्ध वाचकांस सांगणें नको.

आतां त्यांच्या विचाराची दिशा पाहा. रोगाचें बीज जर रक्तवाहिन्यांत असेल, तर तें एका मनुष्याच्या रक्तांतून काढून दुसऱ्याच्या रक्तांत नेऊन घालणारें कोणी तरी असलें पाहिजे. देवी टोंचणारा डॉक्टर सुईनें जें करतो, तेंच काम न बोलावतां घरोघर करीत फिरणारा हा टोंचणारा कोण? फिन्ले यांची दृष्टि हॅवानाच्या घराघरांत असलेल्या एका लहानशा डासाकडे गेली. काळा वर्ण, अंगावर व पायांवर पांढरे पट्टे, वावर माणसांच्या वस्तींत, चावा बहुधा दिवसां. आज शास्त्रज्ञ त्यास एडीस इजिप्ती म्हणतात. फिन्ले यांनीं हे डास कांचेच्या नळ्यांत पाळले. केवळ मादी रक्त पिते, अंडीं घालण्यास तिला रक्त लागतें, आणि ती एकदांच चावून थांबत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. थंडींत हा डास मंदावतो. उंच पहाडी प्रदेशांत तो आढळत नाहीं. आणि पीतज्वरहि थंडींत व पहाडांत नसतो. शुश्रूषा करणारी बहीण वांचते व चार घरांपलीकडचा मनुष्य मरतो, या कोड्याचा उलगडाहि त्यांत होता. कारण डास नातें पाहत नाहीं.

फेब्रुवारी १८८१ मध्यें वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तेथें क्यूबा व पुएर्तो रिको यांच्या वतीनें गेलेल्या फिन्ले यांनीं असें मांडलें कीं, पीतज्वर पसरण्यास तीन गोष्टी लागतात: आधींचा एक रोगी, रोग घेऊं शकणारा एक निरोगी मनुष्य, आणि या दोघांहून स्वतंत्र असा तिसरा कोणी तरी वाहक. तो वाहक कोण हें त्यांनीं त्या वेळीं सांगितलें नाहीं. १४ ऑगस्ट १८८१ रोजीं हॅवानाच्या विज्ञान अकादमींत वाचलेल्या निबंधांत त्यांनीं त्याचें नांव घेतलें. तें नांव डासाचें होतें. अडखळत्या जिभेचा तो गृहस्थ निबंध वाचून खालीं बसला, पण सभेनें त्यावर चर्चाहि केली नाहीं. ज्या रोगास वश करण्यास राजसत्ता व आरमारें थकलीं, तो रोग बोटाच्या पेरावर मावणारा एक किडा घेऊन फिरतो हें विद्वानांस पटण्यासारखें नव्हतें. पुढें कित्येक वर्षें त्यांस डासवाले डॉक्टर म्हणून लोक हंसत राहिले.

पण हंसणाऱ्यांकडे एक खरें कारणहि होतें, आणि तें आम्ही झांकून ठेवणार नाहीं. फिन्ले यांचें म्हणणें खरें होतें. त्यांचा पुरावा मात्र अपुरा होता. १८८१ पासून १९०० पर्यंत त्यांनीं आपले स्नेही डॉक्टर क्लाउदिओ देल्गादो यांच्या साह्यानें शंभरांवर नवागत माणसांस रोग्याला चावलेल्या डासांकडून चाववून पाहिलें. सौम्य ताप यावा व त्यायोगें त्यांस पुढील तीव्र रोगापासून संरक्षण मिळावें असा त्यांचा हेतु होता. कांहींस ताप आला, बहुतेकांस आला नाहीं. ज्यांस आला ते हॅवाना शहरांतच राहत असल्यामुळें, त्यांस रोग दुसरीकडून लागला नसेल कशावरून, हा आक्षेप कोणीहि घ्यावा. या अपयशाचें कारण पुढें कळलें. रोग्याच्या रक्तांत बीज असतें तें आजाराच्या पहिल्या तीनचार दिवसांपुरतेंच. त्यानंतर तें डासाच्या शरीरांत वाढून त्याच्या लाळेंत उतरण्यास सुमारें बारा दिवस लागतात. फिन्ले आपले डास दोन ते पांच दिवसांतच निरोगी माणसावर सोडीत. किल्ली बरोबर होती, पण कुलुपांत ती फिरण्यापूर्वींच काढून घेतली जात होती.

हे बारा दिवस हुडकण्यास ज्याची मदत झाली तो हेन्री कार्टर नांवाचा अमेरिकेचा आरोग्याधिकारी होता. १८९८ सालीं मिसिसिपी संस्थानांतील ऑरवुड व टेलर या लहान वस्त्यांत त्यानें प्रत्येक घरीं कोण केव्हां आलें, केव्हां गेलें व केव्हां आजारी पडलें, याचा तारीखवार हिशेब ठेविला. पहिल्या रोग्यास भेटून जे लगेच परतले ते बचावले. तेच घर दोन आठवड्यांनीं पाहण्यास गेलेले, कधीं कधीं रोगी मेल्यावर गेलेले, आजारी पडले. म्हणजे रोगाचें बीज मनुष्याबाहेर कोठें तरी दोन आठवडे पिकत असलें पाहिजे. एका कामगारानें वहींत तारखा नीट लिहून ठेवाव्या तेवढेंच हें काम होतें. पण त्यावर पुढील सर्व शोध उभा राहिला.

१८९८ सालीं स्पेन व अमेरिका यांचें युद्ध झालें. त्या वेळीं फिन्ले पासष्टीच्या घरांत होते; तरी सैन्यांत रोग पसरला तेव्हां ते सांतियागो येथें जाऊन रोग्यांची सेवा करूं लागले. युद्धानंतर हॅवाना अमेरिकेच्या ताब्यांत आलें. शहर झाडून लोटून स्वच्छ करण्यांत आलें, तरी पीतज्वर हटेना. १९०० सालीं त्यानें शहरांत ३१० बळी घेतले. त्या वर्षीं जून महिन्यांत वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझीर व अरिस्तिदेस आग्रामोंते या चार लष्करी डॉक्टरांचें मंडळ हॅवानास आलें. रक्तांत जंतु शोधण्याचे त्यांचे यत्न फसले, तेव्हां ते फिन्ले यांच्या घरीं गेले. वृद्ध डॉक्टरांनीं आपले सर्व निबंध व आपण पाळलेल्या डासांचीं बारीक काळीं अंडीं त्यांच्या स्वाधीन केलीं. एकोणीस वर्षें जपलेलें धन परक्यांच्या हातीं देतांना त्यांनीं कसलीहि अट घातली नाहीं. आम्हांस त्यांच्या चरित्रांतील हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

लाझीर यांनीं तीं अंडीं उबविलीं. २७ ऑगस्ट १९०० रोजीं कॅरोल यांनीं स्वतःच्या हातावर एक डास बसवून घेतला. तो डास बारा दिवसांपूर्वीं, आजाराच्या दुसऱ्या दिवशीं असलेल्या रोग्यास चावलेला होता. कॅरोल मरणाच्या दारांतून परत आले. सप्टेंबर महिन्यांत लाझीर यांसहि डास चावला, आणि २५ सप्टेंबर रोजीं चौतिसाव्या वर्षीं, मागें पत्नी व दोन लहान मुलें ठेवून, ते मरण पावले. त्यांच्या टिपणवहींतील तारखांमुळें ते बारा दिवस रीड यांच्या ध्यानांत आले, असें मानतात. फिन्ले यांचा डास व कार्टर यांच्या तारखा अशा एकत्र आल्या.

परंतु एकदोन उदाहरणांनीं जग मानत नाहीं, हें फिन्ले यांच्या अनुभवावरून रीड जाणून होते. शहराबाहेर मोकळ्या माळावर त्यांनीं एक छावणी वसविली व तिला लाझीर यांचें नांव दिलें. तेथें ये-जा बंद ठेविली, म्हणजे रोग दुसरीकडून आला असें कोणास म्हणतां येऊं नये. छावणींत दोन लहान घरें बांधलीं. पहिल्या घरांत हवा कोंडलेली व उष्ण, आणि डास शिरूं नये म्हणून जाळ्या लावलेल्या. त्यांत पीतज्वरानें मेलेल्या रोग्यांच्या ओकारीनें व मळानें भरलेलीं अंथरुणें पसरलीं, आणि डॉक्टर कुक व दोन शिपाई त्या अंथरुणांवर लागोपाठ वीस रात्री निजले. दुर्गंधीनें त्यांचा जीव कासावीस झाला, पण त्यांपैकीं एकासहि ताप आला नाहीं. त्यांच्या मागून आणखी माणसें तशींच निजलीं व तशींच निरोगी बाहेर आलीं. दुसरें घर हवेशीर व वाफेनें शुद्ध केलेलें होतें. मध्यें तारेच्या जाळीचा पडदा होता. एका बाजूस पंधरा डास सोडले व त्या बाजूस जॉन मोरान नांवाचा तरुण जाऊन निजला; दुसऱ्या बाजूस त्याच हवेंत दोघे जण राहिले. चार दिवसांनीं, ऐन नाताळच्या दिवशीं, मोरान तापानें पडला. जाळीपलीकडचे दोघे निरोगी राहिले. दोन घरें, एक जाळी आणि कांहीं रात्री यांनीं अडीचशें वर्षांचा वाद मिटला.

हे सर्व स्वयंसेवक धोका समजावून घेऊन, लेखी संमति देऊन पुढें आले होते. नुकतेच आलेले स्पॅनिश कामकरी शंभर डॉलरांच्या मोबदल्यावर आले. किसिंजर नांवाचा शिपाई व मोरान यांनीं मोबदला नाकारला. छावणींत डासांमुळें आजारी पडलेले सर्व जण सुदैवानें बरे झाले. माणसांवर असे प्रयोग करावे कीं नाहीं याविषयीं आज नियम फार कडक आहेत, व ते तसे असणेंच योग्य होय. तरी संमति कागदावर घेण्याची ती पद्धति त्या काळीं नवी होती हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. २२ डिसेंबर १९०० रोजीं हॅवानाच्या डॉक्टरांनीं फिन्ले यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. एकोणीस वर्षांपूर्वीं त्यांचा निबंध ऐकून गप्प राहिलेल्या शहराचीच ती मेजवानी होती.

वाट कळली, तेव्हां ती बंद करणें उरलें. हें काम हॅवानाचे मुख्य आरोग्याधिकारी मेजर विल्यम गोर्गास यांनीं १९०१ सालीं हातीं घेतलें. रोग्याची खोली तारेच्या जाळीनें बंद करावी, म्हणजे नवे डास रोग्यापासून बीज घेऊं शकणार नाहींत. आजूबाजूच्या घरांत धुरी देऊन चावलेले डास मारावे. आणि घरोघर फिरून पाण्याचीं पिंपें झांकावीं, डबक्यांवर तेल ओतावें, अळ्या आढळल्यास घरमालकास दंड करावा. असा हा कार्यक्रम होता. यांतील मुख्य सूचना फिन्ले यांनीं पूर्वींच करून ठेविल्या होत्या. १९०१ सालीं पीतज्वरानें शहरांत अठरा माणसें मेलीं. १९०२ सालीं एकहि नाहीं. पुढें याच गोर्गास यांनीं पनामांत हेंच काम केलें. जेथें फ्रेंचांचा कालव्याचा प्रयत्न हजारों माणसें पुरून थांबला होता, तेथें १५ ऑगस्ट १९१४ रोजीं कालवा खुला झाला. तो दिवस पाहण्यास फिन्ले हयात होते.

१९०२ सालीं क्यूबा स्वतंत्र झाला व नव्या राज्याचे मुख्य आरोग्याधिकारी म्हणून फिन्ले यांची नेमणूक झाली. १९०५ सालीं पीतज्वरानें पुन्हां डोकें वर काढलें तेव्हां त्यांच्याच हाताखालीं त्याचा बंदोबस्त झाला. १९०९ सालीं ते निवृत्त झाले. इंग्लंडांतून व फ्रान्समधून त्यांस मानसन्मान मिळाले. नोबेल पारितोषिकासाठीं त्यांचें नांव अनेकदां सुचविलें गेलें, पण तें मिळालें नाहीं. २० ऑगस्ट १९१५ रोजीं हॅवाना येथें ते मरण पावले. शोधाचा मान फिन्ले यांचा कीं रीड यांचा, याविषयीं त्यांच्या मागें पुष्कळ वाद झाला. आम्हांस वाटतें, एकानें वाट दाखविली व दुसऱ्यानें ती वाट खरी असल्याचें कोणासहि नाकारतां येऊं नये अशा रीतीनें सिद्ध केलें; दोघांचीं कामें निरनिराळीं होतीं आणि दोन्ही अवश्य होतीं.

रोगाचें बीज काय, हें मात्र फिन्ले यांस कळलें नव्हतें. जंतु अडकून राहतील अशा बारीक गाळण्यांतूनहि तें पार होतें, हें रीड व कॅरोल यांनीं १९०१ सालीं दाखविलें. आज आपण त्यास विषाणु म्हणतों, आणि मनुष्याच्या रोगास कारण होणारा म्हणून प्रथम ओळखला गेलेला विषाणु तो हाच. १९३७ सालीं मॅक्स थायलर यांनीं त्यावर लस तयार केली. ती एकदां टोंचली कीं बहुतेकांस जन्मभर पुरते. तथापि आफ्रिकेच्या व दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत हा विषाणु माकडांमध्यें व जंगली डासांमध्यें टिकून आहे. म्हणून तो समूळ नाहींसा झालेला नाहीं.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. सर्व रक्तस्रावी ज्वरांची वाट एकच नसते. पीतज्वर डासावांचून एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीं. पण १९७६ सालीं आफ्रिकेंत प्रथम ओळखला गेलेला इबोला ज्वर रोग्याच्या रक्ताच्या, ओकारीच्या व इतर स्रावांच्या स्पर्शानेंच पसरतो. त्याच वर्षीं तो एका ग्रामीण रुग्णालयांत न उकळलेल्या सुयांतून पसरला. आणि २०१३ सालाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेंत सुरू झालेल्या सांथींत, ज्या सांथीनें अकरा हजारांवर माणसें नेलीं, प्रेतास प्रेमानें स्नान घालणारे नातलगहि त्याला बळी पडले. तेथें मळक्या अंथरुणावर निजणें म्हणजे मरण ओढवून घेणें होय. उलट आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतील माकडताप, जो १९५७ सालीं कर्नाटकांत पुण्याच्या विषाणु-संशोधकांनीं ओळखला व अलीकडे सिंधुदुर्ग व गोवा येथेंहि आढळला आहे, तो गोचिडाच्या चाव्यानें येतो; माणसाकडून माणसास लागत नाहीं. तेव्हां फिन्ले यांच्यापासून घेण्याचा धडा डासाचा नसून प्रश्नाचा आहे. नवा ताप आला कीं घाबरून रोग्यास वाळींत टाकण्यापूर्वीं, किंवा निष्काळजीपणें त्याच्याजवळ जाण्यापूर्वींहि, विचारावें कीं हा कोणत्या वाटेनें जातो? वाट न कळतां केलेली दया कधीं घातक ठरते, आणि वाट न कळतां बाळगलेली भीति नेहमींच निर्दय ठरते.

पीतज्वर हिंदुस्थानांत कधींहि आलेला नाहीं. आणि तो येऊं नये म्हणूनच त्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांस लशीचा दाखला दाखवावा लागतो. परंतु ज्या डासावर फिन्ले यांनीं बोट ठेविलें तो पांढऱ्या पट्ट्यांचा डास आपल्या गांवांत व शहरांत भरपूर आहे, आणि डेंग्यूचा ताप तोच आणतो. त्या तापांतहि कधीं कधीं रक्त जातें व प्राणावर बेततें. हा डास दूरच्या दलदलींत जन्मत नाहीं. उघडें पिंप, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेला टायर, अंगणांतली करवंटी, एवढें साठलेलें पाणी त्यास पुरे होतें. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेंत आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस घरांतील सर्व भांडीं रिकामीं करून, आंतून घांसून, उन्हांत कोरडीं केलीं, कीं त्याचा वंश तेथेंच तुटतो. घरांत कोणास ताप आल्यास त्याला दिवसांहि मच्छरदाणींत निजवावें. रोग्यास मच्छरदाणी द्यावयाची ती केवळ त्याच्या सुखासाठीं नव्हे. त्याच्या रक्तांतील बीज घेऊन डासानें शेजाऱ्याकडे जाऊं नये म्हणून.

हें काम मोठ्या माणसांपेक्षां मुलांनींच चांगलें होतें, असें आम्हांस वाटतें. कारण ताटलीखालीं वांकून पाहण्याचा कंटाळा त्यांस नसतो. अळी कशी असते हें ज्यानें एकदां कांचेच्या पेल्यांत निरखून पाहिलें, त्यास पुढें कोणी सांगावें लागत नाहीं. हॅवानाच्या त्या वृद्ध डॉक्टरांनींहि जगास याहून निराळें कांहीं सांगितलें नव्हतें. त्यांनीं घरांतल्या डासाकडे नीट पाहिलें, जें दिसलें तें बोलून दाखविलें, आणि जग ऐकेपर्यंत अंडीं जपून ठेविलीं.